दीड वितीचे इंजिन

इंजिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी अवाढव्य उभे राहते. काळेकभिन्न धूड, कानठळ्या बसवणारी शिटी, फलाट हादरवणारी धडधड. पण आज ज्या इंजिनाविषयी बोलायचे आहे ते जेमतेम दीड वितीचे आहे. ते उचलून काखेत धरता येते, पेटीत घालून गावाला नेता येते. आणि तरीही ते खोटे नाही. त्याला तांब्याचा बॉयलर आहे. त्यात पाणी भरायचे, खाली जाळ लावायचा, वाफ धरली की झडप उघडायची. मग सिलिंडरातला दट्ट्या मागेपुढे होतो, दांडे हलतात आणि चाके फिरू लागतात. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका अशा देशांत हौशी माणसे घरामागच्या बागेत रूळ टाकतात आणि फुलांच्या वाफ्यांमधून ही वाफेची गाडी चालवतात. काहीजण अशी इंजिने जमवतात, काचेच्या कपाटात मांडून ठेवतात, आणि जन्मात कधी पेटवीत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हा परदेशातल्या सुखवस्तू लोकांचा शौक. आमच्या गावाला, आमच्या शाळेला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की या बागेतल्या इंजिनांचे काही थोरले भाऊबंद आपल्याच महाराष्ट्रात राबून गेले आहेत, नेरळच्या घाटात आणि बार्शीच्या माळावर. ते थोरले आता थंड झाले. वाफ कशी धरायची, कशी राखायची आणि चढावर कशी खर्चायची, ही विद्या त्यांच्याबरोबर जाऊ लागली आहे. ती विद्या लहान इंजिनात राहू शकते का, हा आजच्या बोलण्याचा खरा विषय आहे.

आधी थोडे गणित करू. गुरुजींनी फळा जवळ ओढावा. दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. मुंबईची लोकल ज्या रुळांवर धावते त्यांच्यातले अंतर साडेपाच फूट. नेरळ-माथेरानच्या रुळांतले अंतर मात्र फक्त दोन फूट. बागेतल्या रेल्वेचे एक प्रचलित माप असे आहे की खऱ्या गाडीच्या एका फुटाला प्रतिकृतीत १६ मिलिमीटर धरायचे. मग दोन फुटांचे किती? ३२ मिलिमीटर. म्हणजे दोन बोटांच्या रुंदीएवढ्या रुळांवर माथेरानची गाडी हिशेबात चोख बसते. एका फुटात ३०५ मिलिमीटर धरले, तर हे प्रमाण साधारण एकास एकोणीस पडते. दुसरे माप ४५ मिलिमीटरच्या रुळांचे. एक मीटर रुंदीच्या रेल्वेचा बावीस-साडेबाविसावा हिस्सा घेतला की ते मिळते. न्यूरेंबर्गच्या लेमान कारखान्याने १९६८ साली या मापाच्या विजेवरच्या गाड्या बाजारात आणल्या आणि बागेतली रेल्वे घरोघर पोचवली.

हा छंद मात्र १९६८ सालचा नव्हे. खरे पाहता लहान इंजिन हे मोठ्या इंजिनाचे पोर नसून कितीतरी वेळा त्याचा गुरू ठरले आहे. जेम्स वॉटची कथा आपण शाळेत ऐकतो. किटलीचे झाकण उडाले आणि त्याला वाफेची शक्ती कळली, असे पोरांना सांगतात. किटलीची गोष्ट गोड आहे, पण खरी हकीकत त्याहून चांगली आहे. वाफेचा पंप वॉटच्या जन्माआधीच चालू होता. न्यूकोमेन नावाच्या माणसाने १७१२ साली खाणीतले पाणी उपसणारे यंत्र उभे केले होते. त्या यंत्राची एक लहानशी प्रतिकृती ग्लासगोच्या विद्यापीठात वर्गात दाखवण्यासाठी ठेवलेली होती. ती नीट चालेना, म्हणून १७६३-६४ च्या हिवाळ्यात दुरुस्तीसाठी वॉटच्या हाती आली. वॉट तिथे उपकरणे करणारा कारागीर होता. त्याने ती दुरुस्त केली. तरी ती चार-दोन झटके द्यायची आणि बंद पडायची. बॉयलर तर प्रमाणात होता! मग वाफ जायची कुठे?

वॉटने पिच्छा सोडला नाही. त्याच्या ध्यानात आले की त्या यंत्रात वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरातच गार पाणी सोडतात. त्यामुळे प्रत्येक झटक्याला सिलिंडर निवतो आणि पुढची वाफ तो परत तापवण्यातच खर्ची पडते. मोठ्या यंत्रातही हेच होत होते, पण तिथे ही उधळपट्टी खपून जाई. लहान यंत्रात ती खपेना. शेवटी १७६५ साली त्याला युक्ती सुचली: वाफ निववायची ती वेगळ्या भांड्यात, सिलिंडर सदा तापलेलाच ठेवायचा. १७६९ साली त्याने या शोधाचे पेटंट घेतले, आणि पुढचे वाफेचे युग त्यावर उभे राहिले. सांगायचे एवढेच, की मोठ्या यंत्राने जे लपवून ठेवले होते ते वर्गातल्या प्रतिकृतीने बोलून दाखवले. आणि ती बोलली का? तर ती चालवून पाहिली म्हणून. कपाटात ठेवली असती तर मुकीच राहिली असती.

लहान यंत्राला वाफ अपुरी का पडावी? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. मोठ्या हंड्यात पाणी तापवा आणि त्यातलेच वाटीभर काढून शेजारी ठेवा. आधी कोणते निवेल? वाटीतले. वाटीत पाणी थोडे, आणि त्या मानाने उघडी बाजू पुष्कळ. आता आपले एकास एकोणीस प्रमाण घ्या. लांबी एकोणिसाव्या हिश्शाची झाली. पण पृष्ठभाग होतो १९ गुणिले १९, म्हणजे ३६१ वा हिस्सा. आणि घनफळ होते १९ गुणिले १९ गुणिले १९, म्हणजे ६,८५९ वा हिस्सा. समजा खरे इंजिन २० टनांचे असले, तर त्याची तंतोतंत प्रतिकृती तीन किलोंच्याही आत भरेल. पण तिच्या पोटातल्या पाण्याच्या मानाने तिचे अंग एकोणीसपट उघडे असेल. म्हणून ती एकोणीसपट अधिक गारठते. माणसाला लहान होता येते, इंजिनालाही लहान करता येते. पण उष्णतेचा नियम काही लहान होत नाही.

वॉटच्याच कंपनीतल्या विल्यम मरडॉक याने १७८४ साली कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ गावी तीन चाकांची एक वाफेची गाडी केली. तीही प्रतिकृतीच, सुमारे फूटभर उंचीची, खाली स्पिरिटचा दिवा. एका रात्री ती गल्लीत सुटली आणि तिच्या ठिणग्या पाहून गावच्या पाद्रीबोवांना सैतान आल्यासारखे वाटले, अशी दंतकथा तिथे सांगतात. पुढे १८०४ साली ट्रेव्हिथिकने वेल्समध्ये रुळांवरून पहिले वाफेचे इंजिन ओढवून दाखवले. त्यानेही आधी लहान नमुने करून पाहिले होते. म्हणजे आगगाडी जगात आली ती आधी टेबलावरून, मग रुळांवरून.

आगगाडी रुळली, तसे खेळणी करणारेही मागे राहिले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात पितळेची छोटी इंजिने विकायला आली. स्पिरिटवर तापवायची आणि जमिनीवर सोडून द्यायची. चालताना ती पाणी गाळीत जात, म्हणून लोक त्यांना गळकी इंजिने म्हणत. जर्मनीच्या मार्कलिन कारखान्याने १८९१ साली खेळण्यातल्या रुळांची मापे क्रमांक देऊन ठरवून टाकली. आजचे ४५ मिलिमीटरचे माप त्यातलेच. त्याआधी १८७४ साली इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात सर आर्थर हेवूड या जमीनदाराने आपल्या आवारात अवघ्या पंधरा इंच रुंदीची रेल्वे घातली. ती मात्र खेळ म्हणून घातलेली नव्हती. माल आणि माणूस वाहून नेणारी सर्वांत अरुंद रेल्वे किती अरुंद असू शकते, हे त्यांना ताडून पाहायचे होते.

हा अरुंद रेल्वेचा प्रश्न आपल्या देशाच्या जिव्हाळ्याचा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, साहेब, सुलतान आणि सिंध ही तीन इंजिने जोडून. ती साडेपाच फुटी रुळांची. पण असा रुंद मार्ग घालायचा म्हणजे भारी रूळ, भारी पूल, भारी भराव. तालुक्याच्या गावाला तो खर्च पेलणार कसा? बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८६२ साली मियागाम ते डभोई असा अडीच फुटी मार्ग घातला. देशातला हा पहिला अरुंद मार्ग, आणि त्यावरच्या गाड्या आरंभी चक्क बैलांनी ओढल्या.

अडीच फुटी मार्गाचे शास्त्र कोणी बसवले असेल तर ते एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने, आणि ते आपल्या बार्शीत. काल्थ्रॉपचे म्हणणे साधे होते. गाडी इंजिनाची असो की मालाची, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही. सगळ्या आसांवर भार सारखा पडला की रूळ हलके चालतात, आणि रूळ हलके चालले की मार्ग स्वस्त होतो. गाड्या आणि इंजिने हिंदुस्थानात धाडण्यापूर्वी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून चालवून दाखवली. १८९७ साली बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, हा एकवीस मैलांचा मार्ग सुरू झाला. पुढे तो लातूरला गेला, पंढरपूरला गेला आणि १९२७ साली मिरजेला भिडला. मराठवाड्याचा कापूस या गाडीने बाजाराला नेला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी ती फुलून जाई. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली, आणि २००१ नंतरच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे रुंद मार्गात रूपांतर झाले. गावाची सोय झाली, यात शंका नाही. पण बार्शी लाइट रेल्वे म्हणून जे होते ते संपले.

आता एक गंमत पाहा. बार्शीचा हाच अनुभव घेऊन काल्थ्रॉपने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड नावाचा मार्ग बांधून दिला. १९०४ साली तो सुरू झाला. त्याच्या दोन इंजिनांची घडण बार्शीच्या वळणाची होती. कपाळावर हिंदुस्थानी धर्तीचा भला मोठा दिवासुद्धा होता. तीस वर्षांत, १९३४ साली, तो मार्ग बंद पडला आणि इंजिने मोडीत गेली. आज ती दोन्ही इंजिने चालताना पाहायची असतील तर एकच जागा उरली आहे: कुणा हौशी माणसाची बाग. त्यांच्या वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृती तिथे फिरतात. बार्शीच्या माळावर सिद्ध झालेली कल्पना अशी परक्या देशात, फुलझाडांच्या सावलीत का होईना, फिरती राहिली आहे.

आता आपल्या घाटात येऊ. नेरळहून माथेरानला जाणारी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीतून उभी राहिली. १९०४ साली काम सुरू झाले, १९०७ साली गाडी धावली, खर्च आला सुमारे सोळा लाख रुपये. मार्ग आहे वीस-एकवीस किलोमीटरांचा, पण तेवढ्यात तो पायथ्यापासून माथेरानच्या पठारावर चढतो. काही ठिकाणी चढ वीस फुटांना एक फूट. आणि वळणे अशी की खिडकीतून डोके काढले तर पुढचे इंजिन आपल्याकडेच येताना दिसावे.

या मार्गासाठी बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोप्पेल या कारखान्यातून चार इंजिने आली. पुढे त्यांचे क्रमांक झाले ७३८ ते ७४१. प्रत्येकाला सहा चाके, म्हणजे तीन आस. आता विचार करा: तीन आस एका सांगाड्यात घट्ट बसवलेले असतील, तर असे इंजिन आखूड वळणावर वळेल कसे? लांब बैलगाडी बोळात अडकते तसे ते अडकेल, नाहीतर रुळावरून उतरेल. बरे, बैलगाडीचे जू फिरवावे तसा आस फिरवावा, तर या इंजिनात तिन्ही आस दांड्यांनी एकमेकांना जोडलेले. चढावर सहाही चाकांनी जोर लावायचा आहे. फिरायचेही आहे आणि जोरही सोडायचा नाही, असा पेच.

हा पेच क्लीन आणि लिंडनर या दोघा जर्मनांच्या युक्तीने सोडवला. पुढचा आणि मागचा आस दुहेरी करायचा. आत एक भरीव आस, तो सांगाड्यात सरळ बसतो आणि दांड्यांनी फिरतो. त्याच्यावरून एक पोकळ नळी, आणि चाके बसवायची ती या नळीच्या टोकांना. नळी आणि आस यांची गाठ फक्त मधोमध, एका गोलाकार उखळीसारख्या सांध्यावर. आतला आस फिरला की सांध्यातल्या खिळीने नळीही फिरते. पण वळण आले की नळी चाकांसकट किंचित तिरकी होते. आतला आस मात्र आपल्या जागी सरळ. आपला खांदा नाही का, हात कोणत्याही बाजूला वळतो, पण धडापासून सुटत नाही? तसेच हे. जवळजवळ पाऊण शतक या उखळ्यांच्या जोरावर माथेरानची गाडी घाट चढत होती. वाटेत जुम्मापट्टी लागते, पुढे वॉटर पाइप नावाचे स्थानक लागते. इंजिनाची तहान त्या नावातच राहून गेली आहे.

१९५० नंतरच्या वर्षांत या मार्गावर डिझेल इंजिने आली आणि १९८२ च्या सुमारास वाफ बंद झाली. मार्गावर संकटेही थोडी आली नाहीत. २००५ च्या जुलैतल्या महापुराने तो वाहून नेला, २०१९ च्या पावसाने पुन्हा खचवला. प्रत्येक वेळी तो परत उभा राहिला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळपासून माथेरानपर्यंत गाडी पुन्हा जाऊ लागली. जुन्या चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मांडले आहे. ७४० क्रमांकाचे इंजिन मात्र समुद्र ओलांडून गेले. ते आता इंग्लंडात लेटन बझर्ड इथल्या छोट्या रेल्वेच्या ताफ्यात आहे. ही रेल्वे १९१९ साली वाळू वाहण्यासाठी घातलेली, तिचेही रूळ दोन फुटी, आणि आज ती चालवतात हौशी स्वयंसेवक.

इथे मनाला एक गोष्ट टोचते. चौथऱ्यावर उभे केलेले इंजिन आपण दरवर्षी रंगवतो, हार घालतो, मुलांना त्यावर बसवून फोटो काढतो. हे चांगलेच आहे. पण रंगवलेले इंजिन श्वास घेत नाही. त्याच्याकडे पाहून त्या पोकळ आसाची युक्ती कुणाला दिसत नाही, वाफ कशी राखावी हे समजत नाही. वस्तू राहते, आणि तिच्यामागची रीत निघून जाते. चित्तरंजनच्या कारखान्याने रुंद मार्गाचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली बाहेर काढले. तेव्हा नव्याने भरती झालेले फायरमन आज म्हातारे झाले आहेत.

आता बागेतल्या इंजिनाकडे परत वळू आणि ते पेटवायचे कसे ते पाहू, म्हणजे मी रीत म्हणतो ती कोणती हे ध्यानात येईल. प्रथम तेल. इंजिनाच्या बाजूला एक छोटी डबी असते, तिच्यात घट्ट तेल भरायचे. बॉयलरची वाफ त्या डबीत शिरते, निवून तिचे पाणी होते, पाणी जड म्हणून तळाशी जाते आणि तेवढेच तेल वर उचलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरात जाते. किती सोपी आणि किती शहाणी योजना! पाण्यावर तेल तरंगते, एवढ्या एका गोष्टीवर दट्ट्याचे आयुष्य. मग बॉयलरमध्ये क्षार नसलेले पाणी, अगदी काठोकाठ नाही, वाफेला जागा ठेवून. मग जाळ. यात कोळसा फारसा चालत नाही, कारण वाटाण्याएवढ्या कोळशाचा जाळ धरून ठेवणे महाकठीण. म्हणून पुष्कळदा गॅस किंवा स्पिरिट वापरतात. काही मिनिटांत काटा चढू लागतो. पहिल्या फेरीला सिलिंडर थंड असतात. वाफेचे पाणी होऊन धुराड्यातून थेंब उडतात, इंजिन अडखळते. चालवणाऱ्याने हाताने हलके पुढेमागे करून ते पाणी काढून द्यायचे. वॉटला जो धडा ग्लासगोत मिळाला, तोच धडा इथे प्रत्येक वेळी नव्याने गिरवायचा. मग इंजिन वीस-पंचवीस मिनिटे चालते. चढ आला की मंदावते, उतारावर पळू पाहते. त्याला जपावे लागते. ज्याने एकदा ते जपले, त्याला माथेरानच्या ड्रायव्हरची काळजी थोडीतरी कळली.

प्रतिकृती करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. आस सरळ बसवून वरचे रंगरूप तेवढे साधायचे, किंवा ती पोकळ नळी, तो सांधा, सगळे एकोणिसाव्या हिश्शाने घडवायचे. पहिल्या वाटेने चित्र हाती येते, दुसऱ्या वाटेने समजूत. कोणत्याही कोळीवाड्यात जाऊन पाहा. पोरगा खेळातली होडी कोरतो, तेव्हा ती तरंगली पाहिजे हा त्याचा पहिला आग्रह. रंग नसला तरी चालेल. तरंगत नाही ती होडी नव्हे. इंजिनालाही हाच न्याय लावावा.

आपल्या मराठी मुलखाने आणि मराठी घराण्यांनी लहान गाड्यांची हौस केली नाही असे नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे सरकारांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरत असे. ती विजेवर चालते, डब्यांवर घराण्याच्या नावाची एकेक अक्षरे, आणि डब्यांत पाहुण्यांसाठी मद्य आणि सिगार. कारागिरी डोळे दिपवणारी. पण त्याच माधवराव महाराजांनी ग्वाल्हेर संस्थानात दोन फुटी रेल्वेही घातली, आणि ती श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर गावोगावची माणसे वाहत राहिली. २०२० साली ती बंद झाली. टेबलावरची गाडी मोजक्या पाहुण्यांनी पाहिली, बाहेरची सगळ्या मुलखाने. इतिहासाच्या तराजूत कोणती जड भरेल, हे मी सांगायला नको.

पुण्यात कोथरूडला मात्र वेगळे उदाहरण आहे. भाऊसाहेब जोशी यांनी जन्मभराच्या छंदातून लहान रेल्वेचे संग्रहालय उभे केले. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांना खुले झाले. तिथल्या गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या, म्हणजे बागेतल्या इंजिनाहून पुष्कळच लहान. त्या चालतात विजेवर. पण त्या चालतात, ही गोष्ट महत्त्वाची. सिग्नल पडतो, गाडी थांबते, रूळ बदलते, आणि शाळेची मुले कठड्याला टेकून पाहतात. एका माणसाचा खासगी छंद कपाटातून बाहेर आला तर त्याची शाळा होते, हे या संग्रहालयाने दाखवून दिले.

मग वाफेचे काय? मुंबईच्या टोकाला मढ नावाचे गाव आहे. वेसाव्याहून तरीने खाडी ओलांडली की मढ. तिथे रूळ नाहीत. गाडी धरायची तर मालाडला जावे लागते. बोरिवलीपर्यंत विजेची लोकल १९२८ सालीच आली. तेव्हा मढच्या शाळेतल्या मुलाने वाफेचे इंजिन काम करताना पाहिले असण्याचा संभवच नाही. त्याच्या वडिलांनीही बहुधा नाही. ‘वाफेच्या शक्तीचा शोध’ हा धडा तो पाठ करतो, पण वाफ काम करते म्हणजे काय करते, हे त्याच्या हाताला ठाऊक नसते. असे एक गाव मी नावाने सांगितले; अशी गावे महाराष्ट्रभर आहेत.

प्रत्येक शाळेने बागेतले इंजिन घ्यावे, असे मी म्हणत नाही. ती महाग चीज आहे. पण जिल्ह्याच्या विज्ञान केंद्रात, एखाद्या तंत्रनिकेतनात, नाहीतर माथेरानच्याच एखाद्या आवारात ३२ मिलिमीटरच्या रुळांवर ७४० ची वाफेवर चालणारी प्रतिकृती आठवड्यातून एकदा फिरली, तर काय बिघडेल? आपल्याकडे लेथवर काम करणारे कसबी हात आहेत, तांब्याचे काम करणारे तांबट आहेत. बाहेरून विकत आणण्यापेक्षा ती इथे घडवली, तर घडवतानाच निम्मी विद्या परत येईल.

तोवर गुरुजींना वर्गात करता येईल असे पुष्कळ आहे. हंडा आणि वाटी यांचा प्रयोग आजच करता येईल. घड्याळ लावून मुलांना निवण्याची वेळ टिपू द्या. फुटाला सोळा मिलिमीटर हे माप घेऊन आपल्या वर्गखोलीचा नकाशा काढू द्या, बाकाची, दाराची प्रतिकृती पुठ्ठ्याची करू द्या. बांबूची नळी आणि आत सैल बसणारी काठी घेऊन माथेरानच्या आसाची युक्ती दाखवता येते. मात्र एक गोष्ट कटाक्षाने सांभाळा: डबा किंवा बाटली बंद करून त्यात कधीही पाणी तापवू नका. खऱ्या बॉयलरला, मग तो कितीही लहान असो, जादा वाफ सोडून देणारी झडप असते आणि त्याची परीक्षा झालेली असते. कोंडलेली वाफ लहानथोर ओळखत नाही.

आणि आणखी एक काम, ज्याला पैसा लागत नाही. तुमच्या गावात, विशेषतः कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज, नेरळ, कर्जत या बाजूला, वाफेच्या इंजिनावर काम केलेली वयोवृद्ध माणसे अजून भेटतील. कुणी फायरमन असेल, कुणी फिटर, कुणी पाणी भरणारा. मुलांना त्यांच्याकडे पाठवा आणि विचारायला सांगा: आजोबा, चढावर कोळसा कसा टाकत होता? पाणी कमी झाले हे कसे ओळखत होता? ब्रेक लागेना तर काय करत होता? उत्तरे वहीत उतरवून घ्या. उद्या कुणी कारागीर दीड वितीचे इंजिन घडवायला बसला, तर मापे त्याला कागदावरून मिळतील. पण ते चालवावे कसे, हे त्याला त्या वहीतूनच कळेल.